गोडाऊनमध्ये चोरी आणि सगळ्यांची 'लाय डिटेक्टर' : कोर्टात याला किंमत किती?

सुप्रिया_ठाणे (धागाकर्ती)

माझा मामेभाऊ भिवंडीला एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. मध्यंतरी तिथून मोबाईलचे काही खोके गेले. नेमका त्या कोपऱ्यातला सीसीटीव्ही बंद. पोलिसांत तक्रार झालीये, पण मालकाला धीर नाही. त्याने एक खाजगी डिटेक्टिव्ह एजन्सी बोलावली आणि त्या शिफ्टच्या सगळ्यांची, हमालांपासून सुपरवायझरपर्यंत, लाय डिटेक्टर टेस्ट करायचं ठरवलंय. संमतीपत्र हातात दिलंय. 'स्वेच्छेने' असं त्यात छापलंय, आणि एचआरवाल्याने तोंडी सांगितलंय की जो सही करणार नाही त्याच्याकडे आम्ही वेगळ्या नजरेने बघू.

भाऊ म्हणतो, कर नाही त्याला डर कशाला, देऊन टाकतो. मामी जेवत नाहीये.

मशीनवर विश्वास किती ठेवायचा? नापास झाला तर पोलीस त्याच्या जोरावर अटक करतील का, कोर्ट ते धरेल का? इथे वकील आणि पोलीसखात्यातली मंडळी आहेत म्हणून विचारतेय.

टवाळ_टोणगा

संमतीपत्रावर सही करताना हात थरथरला की तिथेच नापास. मशीनचं भाडं वाचलं. :)

काळा_कोट

ताई, आधी थेट उत्तर. या टेस्टचा निकाल फौजदारी कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही. पास झाला तरी नाही आणि नापास झाला तरी नाही.

आधार म्हणजे ५ मे २०१० चा सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य हा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. सरन्यायाधीश बाळकृष्णन, न्या. रवींद्रन आणि न्या. पांचाळ यांचं पीठ. पॉलिग्राफ (म्हणजेच लाय डिटेक्टर), नार्को (गुंगीचं औषध देऊन प्रश्न विचारणं) आणि ब्रेन मॅपिंग (मेंदूतल्या लहरी तपासणं) या तिन्हींबद्दल कोर्टाने सांगितलं की माणसाच्या मर्जीविरुद्ध करायचं नाही. केलंत तर राज्यघटनेच्या कलम २०(३) चा भंग (स्वतःविरुद्ध साक्षीदार होण्याची सक्ती नाही, ते कलम) आणि कलम २१ चाही. हे संरक्षण आरोपीपुरतं नाही, संशयिताला आणि साक्षीदारालाही आहे.

बहुतेक लोक इथपर्यंतच वाचतात. पुढचा भाग जास्त कामाचा आहे. माणसाने राजीखुशीने टेस्ट दिली तरी तिचा निकाल हा पुरावा नाही, कारण त्या वेळी आपण काय उत्तर देतोय यावर त्याचा जाणीवपूर्वक ताबा नसतो. एक फट मात्र ठेवलीये. राजीखुशीच्या टेस्टमधून काही माहिती मिळाली आणि तिच्यावरून पुढे एखादी वस्तू सापडली, तर तेवढं पुरावा कायद्याच्या कलम २७ खाली घेता येतं. १ जुलै २०२४ पासून तीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ च्या परंतुकात आहे.

आता भावाचं. सेल्वीची ढाल सरकारी यंत्रणेविरुद्धची आहे, खाजगी मालकाविरुद्ध ती थेट वापरणं कठीण. त्यात मोठी मेख अशी की पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाही, पण एजन्सीचा माणूस पोलीस नाही. त्याच्यापुढे भाऊ जे बोलेल ते 'न्यायालयाबाहेरची कबुली' म्हणून उद्या कोर्टासमोर येऊ शकतं. हा पुरावा दुबळा समजतात. धाकाने किंवा आमिषाने घेतला असेल तर बादही होऊ शकतो, पण तेवढ्यासाठी वर्षानुवर्षं तारखा कोण खाणार? शिवाय नोकरीतल्या खातेचौकशीत पुराव्याचे नियम कोर्टाइतके कडक नसतात. भीती धरायचीच तर वायरींची नको, मशीन लावण्याआधीच्या 'गप्पांची' धरा.

जुना_फौजदार

वकीलसाहेबांचं कायद्याचं बरोबर आहे. मी तपासाच्या बाजूने सांगतो, नोकरीत असताना कालिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत माणसं घेऊन गेलोय.

लोकांना वाटतं खुर्चीत बसवलं, प्रश्न टाकला आणि लाल दिवा लागला. तसलं काही नसतं. छातीला आणि पोटाला पन्हाळीदार रबरी नळ्या, दंडाला बीपीचा पट्टा आणि दोन बोटांना पट्ट्या, घाम मोजायला. पण ते सगळं नंतर. आधी तास-दोन तास नुसतं बोलणं. कोणते प्रश्न येणार ते आधीच वाचून दाखवतात, अचानक काही नाही. दहा-बारा प्रश्न, हो किंवा नाही एवढंच बोलायचं, दोन प्रश्नांत वीस-पंचवीस सेकंद गप्प. हाच संच पुन्हा पुन्हा.

आणि खरं सांगू का, माल त्या आधीच्या बोलण्यात बाहेर येतो. आमच्याकडे घरफोडीचा एक पोरगा होता. पट्टा बांधायच्या आधीच म्हणाला, साहेब कशाला मशीन, मीच सांगतो. सोनं त्याच्या मावशीच्या तांदळाच्या डब्यात निघालं. एका कानाखालीचीही गरज लागली नाही. मशीन नसतं तर त्याच पोराला पट्ट्याने विचारलं असतं, हेही तितकंच खरं. तेव्हा सरसकट नावं ठेवू नका.

मृण्मयी_कोलंबस

अमेरिकेत ओहायोत मानसशास्त्र शिकवते, म्हणून मशीनच्या बाजूने लिहिते.

हे यंत्र खोटं मोजत नाही. श्वास, रक्तदाब आणि त्वचेवरचा घाम मोजतं. खोटं बोलताना शरीरात जे होतं तेच भीतीने, रागाने, लाजेने, नोकरी जाईल या काळजीनेही होतं. खोट्याची स्वतंत्र अशी काही शारीरिक खूण अजून कुणालाही सापडलेली नाही.

मग निकाल कसा लावतात? तुलनेने. मुद्द्याचा प्रश्न म्हणजे 'खोके तुम्ही उचलले का?' आणि तुलनेचा प्रश्न म्हणजे 'आयुष्यात कधी तुमच्यावर विश्वास टाकणाऱ्याला फसवलंय का?' दुसऱ्याला सगळे 'नाही' म्हणतात, आणि सगळ्यांच्याच मनात कुठेतरी चुकचुकतं. पद्धतीमागचं गृहीतक असं की निर्दोष माणूस या दुसऱ्या प्रश्नाने जास्त अस्वस्थ होईल आणि चोर पहिल्याने. आता सुप्रियाच्या भावाला तिथे बसवून बघा. बाहेर नोकरी टांगलेली, घरी आई जेवत नाही. त्याचं काळीज कोणत्या प्रश्नाला धडधडेल? खोक्यांच्याच ना? झाला नापास.

हे नुसतं तर्काने लिहीत नाही. आमच्याच राज्यात १९७८ मध्ये टोलिडोजवळच्या एका माणसावर खुनाचा आरोप आला. सरकारी पक्षाने देऊ केलं की टेस्ट दे, पास झालास तर खटला मागे, नापास झालास तर निकाल पुरावा म्हणून वापरू. 'कर नाही त्याला डर कशाला' म्हणून त्याने सही केली. नापास झाला, जन्मठेप झाली. खरे खुनी सापडले तेव्हा १९८० मध्ये सुटला. आत असताना त्याने सूड मोठा सभ्य घेतला. तुरुंगात शिस्तभंगाच्या चौकशीसाठी हीच टेस्ट वापरत. त्याने स्वतःहून गुन्हा कबूल करणाऱ्या २७ कैद्यांना साधारण वीस-वीस मिनिटं शिकवलं, आणि त्यातले २३ मशीनला चकवून आले. तुलनेच्या प्रश्नाला जीभ चावायची किंवा मनात अवघड वजाबाकी करायची, म्हणजे तिथलाच आलेख उंच जातो. बास, एवढंच.

बखरबहाद्दर

अवांतर आहे, पण राहवत नाही. वतनाच्या भांडणांचे जुने महजर (निवाडापत्रं) वाचा, त्यात रवादिव्य सापडेल. गोतसभेला कागदपत्रांवरून निर्णय होईना की वादी-प्रतिवादीपैकी एकाने उकळत्या तेला-तुपातून धातूचा रवा काढायचा. मग हाताला पिशवी बांधून मोहोर करायची आणि काही दिवसांनी उघडून बघायचं. हात शाबूत तर वतन तुझं. बऱ्याचदा खोटा माणूस कढईपर्यंत जायच्या आधीच कच खात असणार. फौजदारसाहेबांचा तो पोरगा वाचला आणि हेच आठवलं. कढई बदलली.

जुना_फौजदार

बखरबहाद्दर, टोला बसला. पण कढईत खऱ्याचाही हात भाजतो. आमच्या मशीनने भाजत नाही, हा फरक धरा की.

मृण्मयी_कोलंबस

भाजतो ना, म्हणून तर ओहायोची गोष्ट सांगितली!

उलट बाजूही बघा. अमेरिकेतला 'ग्रीन रिव्हर' खुनी गॅरी रिजवे १९८४ मध्ये पॉलिग्राफ पास झाला होता. डीएनएवरून पकडला गेला २००१ मध्ये, आणि २००३ मध्ये त्याने ४८ खून कबूल केले. सीआयएमधला आल्ड्रिच एम्स रशियनांना माहिती विकत असताना १९८६ आणि १९९१ असा दोनदा पास झाला. रशियनांनी त्याला काय कानमंत्र दिला होता? नीट झोप, शांत राहा, परीक्षकाशी गोड बोल.

सरसकट सगळ्यांना टेस्ट लावण्याबद्दल अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा २००३ चा अहवाल फार स्वच्छ आहे. ठराविक एका घटनेच्या चौकशीत, न शिकवलेल्या माणसांवर, ही टेस्ट छापा-काट्यापेक्षा बरीच बरी आणि अचूकतेपासून बरीच लांब, असं ते म्हणतात. मग हिशेब मांडतात. समजा दहा हजार कर्मचाऱ्यांत दहा हेर आहेत. दहापैकी आठ हेर सापडतील इतकी चाळणी बारीक ठेवली, तर सोळाशेच्या आसपास निष्पाप लोक त्यांच्याबरोबर अडकतात. निष्पाप अडकू नयेत म्हणून चाळणी ढिली केली तर आठ हेर निसटतात. हे गणितही टेस्ट चांगलीच अचूक आहे असं धरून केलेलं आहे.

रच्याकने, इथे १९८८ पासून खाजगी मालकांना कर्मचाऱ्यांवर लाय डिटेक्टर वापरायला कायद्याने बंदी आहे. अपवाद आहेत. मालकाच्या आर्थिक नुकसानीचा चालू तपास हा त्यातला एक, पण तेव्हाही त्याच माणसावर संशय का आहे ते आधी लेखी द्यावं लागतं. अख्ख्या शिफ्टला रांगेत उभं करता येत नाही.

नचिकेत_सदाशिव

पण दुसरी एक पद्धत असते ना, फक्त गुन्हेगारालाच माहीत असेल असा तपशील विचारायची? ती तर बरी म्हणतात.

मृण्मयी_कोलंबस

हो, ती डेव्हिड लिकेन यांची, १९५९ ची. 'चोरीची वस्तू पिशवीत होती, पेटीत, गोणीत की बादलीत?' असे पर्याय वाचत जायचे. ज्याला ठाऊक नाही त्याला सगळे सारखेच. ज्याला ठाऊक आहे तो योग्य पर्यायाला दचकतो. शास्त्रीय पाया याचाच जरा धड आहे, जपानचे पोलीस हीच वापरतात. पण भिवंडीत तिचा उपयोग शून्य. कोणते खोके, कोणत्या रॅकवरून, हे आत्तापर्यंत चहाच्या टपरीवाल्यालाही पाठ झालं असेल.

दीपक_कोथरूड

काळा_कोट, तुम्ही म्हणता कोर्टात चालत नाही. मग पुण्यात २००८ मध्ये ब्रेन मॅपिंगवरून जन्मठेप झाली होती ती कशी? तेव्हा पेपरात रोज येत होतं.

काळा_कोट

चांगली आठवण काढलीत. जून २००८, म्हणजे सेल्वीच्या आधी. एमबीएच्या विद्यार्थिनीवर आरोप होता की आधी लग्न ठरलेल्या तरुणाला प्रसादातून आर्सेनिक दिलं. तिची मुंबईच्या प्रयोगशाळेत 'बीईओएस' नावाची चाचणी झाली. डोक्यावर इलेक्ट्रोडची टोपी, डोळे मिटलेले, तोंडातून एक शब्द काढायचा नाही. समोरून वाक्यं वाचतात, तीही प्रथमपुरुषी : 'मी आर्सेनिक विकत घेतलं', 'मी त्याला भेटले'. मेंदूतल्या लहरींवरून सॉफ्टवेअर सांगणार की ही घटना या व्यक्तीने 'अनुभवलेली' आहे की नुसती ऐकलेली. सत्र न्यायालयाने इतर पुराव्याबरोबर त्या अहवालालाही वजन दिलं. जगभर बातमी झाली. अमेरिकेतले मेंदूशास्त्रज्ञ थक्क झाले, कौतुकाने नव्हे. त्याच सुमारास निम्हान्स या बंगळुरूच्या मानसिक आरोग्य संस्थेच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ब्रेन मॅपिंगच्या या पद्धती अशास्त्रीय आहेत, असा अहवाल दिला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने त्या मुलीची शिक्षा स्थगित करून तिला जामीन दिला.

त्याच्याही आधी, २००४ मध्ये, तेलगीच्या बनावट मुद्रांक प्रकरणात आपल्याच उच्च न्यायालयाने या चाचण्यांना हिरवा कंदील दाखवला होता. युक्तिवाद असा की लहरी आणि आलेख हे काही 'निवेदन' नव्हे, बोटांच्या ठशांसारखंच ते. धागा १९६१ च्या मुंबई राज्य विरुद्ध काठी कालू ओघडपर्यंत जातो. तिथे अकरा न्यायमूर्तींनी ठसे आणि हस्ताक्षराचे नमुने घेणं म्हणजे स्वतःविरुद्ध साक्ष नव्हे असं ठरवलं होतं. सेल्वीने ही गाठ सोडवली. ठसा नुसता जुळवून बघायचा असतो, तो काही सांगत नाही. पॉलिग्राफ मात्र माणसाच्या डोक्यात काय आहे ते काढायला बघतो, म्हणून ते साक्षीसारखंच. माझ्या मते अख्ख्या निकालातला सर्वात पक्का भाग हाच.

टवाळ_टोणगा

आणि तेलगीच्या नार्कोची चित्रफीत टीव्हीवर तमाम महाराष्ट्राने बघितली, ते विसरलात का? बेशुद्ध माणूस बडबडतोय आणि अँकर नावं मोजतोय. कोर्टात पुरावा नाही, पण चॅनेलवर निकाल जाहीर.

काळा_कोट

टवाळ असून नेमकं बोललात. वसईच्या तरुणीचा दिल्लीतला खून उघडकीस आला तेव्हा, २०२२ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात, आरोपीची पॉलिग्राफ आणि नार्को दोन्ही झाली, रोज 'सूत्रांकडून' उत्तरं छापून येत होती. वाचणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होतं की यातलं एक वाक्यही कोर्टात वाचता येणार नाही?

नार्कोचं तर पॉलिग्राफहून वाईट. सोडियम पेंटोथॉलने माणूस अर्धवट गुंगीत जातो, बोलका होतो, खरा होतो असं नाही. समोरचा जे सुचवेल त्याला हो म्हणायची वृत्ती वाढते.

अलीकडचं एक. ९ जून २०२५, अमलेश कुमार विरुद्ध बिहार राज्य, न्या. संजय करोल आणि न्या. प्रसन्न वराळे. पाटणा उच्च न्यायालयाने जामिनाच्या सुनावणीत 'सगळ्यांची नार्को करू' हे पोलिसांचं म्हणणं मान्य केलं होतं, ते सर्वोच्च न्यायालयाने रद्द केलं. सोबत हेही सांगितलं की आरोपीला स्वतःची नार्को करून घ्यायचा पक्का हक्क नाही. खटल्यात बचावाचा पुरावा द्यायच्या टप्प्यावर तो मागू शकतो, परवानगी कोर्टाच्या हाती. 'माझी नार्को करा, होऊन जाऊ दे दूध का दूध' म्हणणाऱ्या पुढाऱ्यांनी हे वाचावं.

जुना_फौजदार

मशीनची बाजू घेतली खरी, पण तिच्यामुळे तपास कसा बिघडतो तेही सांगतो. अहवालावर 'डिसेप्टिव्ह' (खोटं बोलतोय) आलं की तपासी अंमलदार त्या एका माणसाला धरून बसतो. बाकीचे धागे सुटतात, सीडीआर (फोन कॉलच्या नोंदी) मागवायचे राहतात, टोलनाक्याचं फुटेज पुसलं जातं. आणि पास झालेल्याकडे पुन्हा कुणी फिरकत नाही. तो रिजवे का फिजवे, त्याच्या बाबतीत हेच झालं असणार.

संमतीचं म्हणाल तर मानवी हक्क आयोगाने २००० सालीच सांगून ठेवलंय. संमती मॅजिस्ट्रेटसमोर नोंदवायची, वकील भेटलाच पाहिजे, टेस्ट पोलिसांनी नाही तर स्वतंत्र संस्थेने घ्यायची आणि तीही वकिलासमोर. सेल्वीत कोर्टाने त्याच सूचना उचलल्या. कागदावर फार सुंदर. आता पीसीआरमध्ये (पोलीस कोठडीत) चौथ्या दिवशी असलेला माणूस मॅजिस्ट्रेटपुढे उभा राहून 'माझी राजीखुशी आहे' म्हणतो, त्यातली खुशी किती ती तुम्हीच ओळखा.

सुप्रिया_ठाणे

सगळ्यांचे आभार, धागा छापून मामाला वाचून दाखवला. भावाचा 'कर नाही त्याला डर' बराच उतरलाय, ओहायोवाली गोष्ट त्याने दोनदा वाचायला लावली. पण सरळ नाही म्हटलं तर नोकरी जाईल ही भीती आहेच. मधला मार्ग काही?

काळा_कोट

तोंडी नकार देऊ नका, लेखी द्या. साधं पत्र, भांडणाची भाषा नको. 'चोरीची तक्रार पोलिसांकडे दाखल आहे, तपासात मी पूर्ण सहकार्य करीन, माझा जबाब केव्हाही घ्यावा. खाजगी संस्थेच्या पॉलिग्राफ चाचणीस वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय संमती देत नाही.' ईमेलने पाठवा, पोच ठेवा. एचआरवाला जे तोंडी बोलला तेही त्यात एका ओळीत घाला, तारखेसकट. पुढे कामावरून काढलंच तर हीच ओळ उपयोगी पडते.

तरीही द्यायचीच वेळ आली तर 'आधीच्या गप्पा' ध्वनिमुद्रित होणार का ते विचारा, प्रत मागा आणि कबुलीवजा कुठल्याही कागदावर सही नाही.

जुना_फौजदार

आणि पोरी, एक विचारायचं राहिलं. माल मोबाईल आहे ना? मग प्रत्येक खोक्यावर आयएमईआय नंबर (त्या फोनचा स्वतंत्र ओळखक्रमांक) छापलेला असतो, गोडाऊनच्या सिस्टिममध्ये इनवर्डला त्याची नोंद असणार. ती यादी ठाण्यात दिलीये का? फोन कुठेतरी चालू झाला, सिम पडलं, की माग लागतो. पुढे ज्याने विकत घेतला त्याच्यापासून मागे मागे यायचं. यात कुणाच्या बोटाला घाम आलाय का ते बघावं लागत नाही.

सुप्रिया_ठाणे

आत्ताच भावाला फोन करून विचारलं. यादी आहे, एक्सेलमध्ये. पोलिसांनी तक्रारीच्या दिवशीच मागितली होती. मालकाने अजून दिलेली नाही, बिलं जुळत नाहीत म्हणे.

टवाळ_टोणगा

पहिला नंबर मालकाचा लावा की हो मशीनला.